देवका म्हणजे साओ थुई

दिवाळी उरकली, तुरीला शेंगा धरल्या आणि कपाशीचा दुसरा वेचा लागला, की यवतमाळच्या आमच्या घरी एक लिफाफा येतो. दरवर्षी येतो. आत तेच पत्र असतं. वुशूच्या प्रशिक्षकांची परीक्षा अमुक रविवारी आहे, तोंडी परीक्षेसाठी आपण परीक्षक म्हणून उपस्थित राहावे. वुशू म्हणजे चिनी मार्शल आर्ट, आपल्याकडं ज्याला सरसकट कुंगफू म्हणून मोकळे होतात ते. मी ते पत्र फ्रीजवर ठेवते, त्यावर भाजीची रिकामी पिशवी टाकते आणि चार दिवस तिकडं बघत नाही. नवरा म्हणतो, जायचं नसेल तर कळवून टाक ना. त्याचं बरं आहे. त्याला हिवाळा म्हणजे मेथीचे पराठे.

मला हिवाळा आवडत नाही, आणि हे इथं कुणाला सांगायची सोय नाही. विदर्भातल्या माणसानं उन्हाळ्याला शिव्या द्याव्या आणि हिवाळ्याचे गोडवे गावे, हा रिवाजच पडलाय. मीही चारचौघींत हो हो करते. हुरडा, शेकोटी, सकाळचं धुकं, सगळ्याला माना डोलावते. पण तुरीच्या शेंगांचा तो हिरवा उग्र वास नाकात गेला की मला अकरा वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात माझ्या सरांचा वर्ग राहतो की जातो, हे एका तोंडी परीक्षेवर येऊन ठेपलं होतं. तो गेला. माझ्या तोंडानं गेला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जुन्या गोष्टी सांगायला बसलं की माणूस हळूच स्वतःला सावलीत नेऊन उभं करतो.

आमचं गाव उमरखेडच्या अलीकडं. अर्धं गाव, अर्धा बंजाऱ्यांचा तांडा, मधे शाळा. आमचं घर गावातलं, कुणब्यांचं. थावरा सर तांड्यावरचे. ते शाळेचे शिपाई होते. घंटा द्यायची, रांजण भरायचा, मोठ्या सुटीत खिचडीच्या रांगेतली भांडणं सोडवायची, आणि संध्याकाळी शाळेमागच्या खळ्यावर आम्हा पोरापोरींना कुंगफू शिकवायचं. शिपायाला सर म्हणायचं हे आम्ही पोरांनी ठरवलं, गावानं नाही. गाव म्हणायचं, थावऱ्या पोट्ट्यायले माकडउड्या शिकवून राह्यला. सरांचं त्यावर एकच उत्तर असे, हसतील त्याचे दात दिसतील.

तरुणपणी ते वणीला कोळशाचा ट्रक चालवत. खाणीवर ट्रकांची रांग लागे, नंबर यायला कधी अख्खा दिवस जाई. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटत किंवा झोपत. वजनकाट्याच्या मागं मात्र सुरक्षेवरचा एक मणिपूरचा जवान पहाटे एकटाच हातपाय फिरवत असे. सरांनी दोन महिने नुसतं पाहिलं. मग एक दिवस जाऊन त्याच्या मागं उभे राहिले आणि तो करेल तसं करायला लागले. त्याला हिंदी बेताचं, यांना मणिपुरी शून्य. चार वर्षं ते दोघं बोललेच नाहीत म्हणा ना. पाय चुकला की तो आपल्या पायानं यांचा पाय सरकवी. खांदा चढला की खांद्यावर दोन बोटं ठेवी. बरोबर आलं की नुसती मान हलवी, आणि तेवढ्यावर सर दिवसभर खूश असत. ट्रक सोडून सर गावी परत आले तेव्हा विद्या सगळी अंगात होती आणि तोंडात एकाही डावाचं नाव नव्हतं.

नावाशिवाय एकाला शिकवता येतं. पंधरा पोरांना कसं शिकवणार? आता तो गुडघा असा मोडून पाय तसा फिरवते ना, थे करा, असं म्हणेपर्यंत निम्मी पोरं भांडायला लागत. मग सरांनी आपल्या डोक्यातून एक रीत काढली. डाव ज्याला पहिल्यांदा बरोबर जमेल, त्याचं नाव त्या डावाला. नुसतं द्यायचं नाही, तर त्या पोराला पुढं उभं करायचं, त्यानं तो डाव सात वेळा करून दाखवायचा, आणि दर वेळी आम्ही सगळ्यांनी त्याच्या नावानं हाक द्यायची. सातवी हाक झाली की झालं. त्यानंतर ते नाव बदलत नसे. मागाहून दुसरा कुणी कितीही छान करो.

पीठगिरणीवाल्याचा गजानन अंगानं जाडा, पळताना धापा टाकणारा. पण मांड्या आडव्या करून, पाठ ताठ ठेवून हवेत बसायचं जे ठाण आहे, ते त्याला सगळ्यांत आधी जमलं. बसला तो बसला, उठेचना. त्या दिवसापासून ते ठाण म्हणजे गजू. उंच उडी घेऊन लाथ म्हणजे लखन. उघड्या तळव्याचा वार म्हणजे पारू. आणि एक पाय दुमडून खाली बसायचं, हात टेकायचे, दुसरा पाय जमिनीलगत अख्खा गोल फिरवून समोरच्याला आडवं करायचं, हा सगळ्यांत अवघड डाव म्हणजे देवका. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. पाय कुठंही न घासता असा फिरला की खळ्यावरचा भुसासुद्धा उडाला नाही. तुला कसं काय जमलं, विचारलं तर म्हणाली, उसाच्या फडात वाकूनच राहा लागते ना.

सर एका दमात सांगत, गजू घ्या, दोन पारू, मांगं वळून लखन, अन् खाली देवका. बाहेरच्या माणसाला वाटावं हजेरी चालली आहे.

आणि एका परीनं ती हजेरीच होती. दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक लागत. भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं, सगळं वर चढे आणि घरंच्या घरं ऊसतोडीला निघून जात, ती होळीपर्यंत. आमच्या पंधरांतली सात-आठ पोरं अशी एका सकाळी नाहीशी होत. खळं भकास दिसे. पण सर नावं रोज घेत. देवका घ्या. देवका तिकडं कुठल्या कारखान्याच्या हद्दीत मोळ्या बांधत असायची आणि इकडं आम्ही थंडीत कुडकुडत तिचं नाव घेऊन पाय फिरवत असू. एका साली कार्तिकात एक चिमुरडी नव्यानं वर्गात आली. तिला चार महिने देवका म्हणजे फक्त पायाचा एक फेरा ठाऊक होता. होळीला खरी देवका परतली तेव्हा ही तिच्याभोवती फिरून बघायला लागली, तू देवका? खरीखुरी? देवका मला एकदा म्हणाली होती, "फडात याडी हाक मारते तवा मले वाटते, तिकडं खळ्यावर बी कोनी हाक मारत असन." याडी म्हणजे तिची आई.

माझ्या नावाचा डाव नव्हता. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. सहा वर्षं मी त्या खळ्यावर घासली. एक दिवस चुकवला नाही. माझं सगळं बरोबर यायचं, पण पहिलं कधी यायचं नाही. दुसऱ्यानं केलेलं पाहून मी ते त्याच्याहून सुबक करायची. गजूहून चांगलं गजू मला येत होतं. लखनहून लखन. एकदा धीर करून सरांना विचारलं, तर हसून म्हणाले, तुह्यं सगळंच चांगलं हाये कुंदा, एकच कोन्तं देऊ तुले? मला तेव्हा ते टोलवणं वाटलं. मनात एक गाठ बसली, आणि मी ती सोडवली नाही. उलट रोज थोडी आवळली.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई पश्चात्तापाच्या नादात सगळंच जुनं सोन्याचं करून सांगते. तसं नव्हतं. एका ऑक्टोबरात, ट्रक लागायच्या आधी, सर आम्हा पाचजणांना जिल्ह्याच्या स्पर्धेला यवतमाळला घेऊन गेले. देवका तेव्हा चौदाची. लहान गटात पंच पुकारेल तो डाव करून दाखवायचा, असं होतं. पंचांनी पुकारलं, साओ थुई. देवका उभी. त्यांनी पुन्हा पुकारलं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, मग सरांकडं बघितलं. सरांनाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा पुकारून त्यांनी भोपळा दिला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. त्या मुलीनं जो पाय फिरवला तो पाहून देवकाला कळलं की आपल्याला काय विचारलं होतं. तिला तिचंच नाव विचारलं होतं. येताना एसटीत ती उमरखेड येईपर्यंत खिडकीला तोंड लावून बसली. त्या दिवशी मी ठरवलं की हे असं चालायचं नाही. ते ठरवणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. मणिपूरची पोरगी आणि आमची पोरगी एका चटईवर उभ्या राहणार असतील तर दोघींना कळणारा एक शब्द हवाच.

मी नागपूरच्या शिबिराला गेले. पंधरा दिवसांत वही भरली. मा बू, गोंग बू, फू बू, साओ थुई. घोकंपट्टीत मी पहिल्यापासून पटाईत, शिबिराच्या परीक्षेत पहिली आले आणि हातात प्रशिक्षकाचं प्रमाणपत्रही पडलं. तिथं शिकवायला एक बाई होत्या, त्या एक दिवस सहज म्हणाल्या, ही नावं तुम्हाला मंत्रासारखी वाटतात, पण तिकडच्या माणसाला ती घरचीच आहेत. मा म्हणजे घोडा, गोंग म्हणजे धनुष्य, साओ म्हणजे झाडून काढणं. केर काढावा तसा पाय फिरवायचा, म्हणून साओ थुई. आपल्याकडं कशी वखर, डवरा ही शेतातल्या अवजारांची नावं, तशी. मी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, आणि आमच्या पोरांना त्यातलं कधी काही सांगितलं नाही. मला ती नावं मंत्रासारखीच हवी होती. त्यांतला घोडा आणि केरसुणी काढून दाखवली असती तर माझा रुबाब काय राहिला असता?

त्याच वर्षी नवा नियम आला. परीक्षा पास झालेल्या प्रशिक्षकालाच स्पर्धेत पोरं उतरवता येतील. शाळेनं सरांना सांगितलं, कागद आणा, नाहीतर वर्ग बंद. सर तेव्हा बावन्न वर्षांचे. ते माझ्याकडं आले, म्हणाले, शिकव मले.

तो हिवाळा आम्ही शाळेच्या व्हरांड्यात काढला. दुपारी चारला घंटा देऊन ते येत, चप्पल बाहेर काढून माझ्यासमोर मांडी घालून बसत. माझा गुरू माझ्यासमोर चप्पल काढून बसतोय याची मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटायचं. चौथीच्या पोरासारखी त्यांची वही, एका बाजूला चिनी नाव, दुसऱ्या बाजूला आमच्यातल्या पोराचं. मी विचारायची, मा बू? ते डोळे मिटायचे, ओठ हलवायचे, म्हणायचे, गजू. तसं नाही सर, उलटं विचारते, गजूला काय म्हणतात? मग जरा वेळानं यायचं, मा बू. त्यांची बायको चहा घेऊन यायची, तिची ती नावं ऐकून ऐकून त्यांच्या आधी पाठ झाली. एकदा ते अडले तर ती कपबश्या उचलता उचलता म्हणाली, गोंग बू, अन् आता चहा थंडा नका करू. खूप हसलो आम्ही तिघं. ते हसणं वेगळं होतं.

एकदा वही मिटून सर म्हणाले, "नावं वाईट नाईत, कुंदा. पन ह्यात मले कोनी दिसत नाई. देवका म्हटलं का पोट्टी दिसते, मंग तिचा पाय दिसते, मंग आपला पाय कुठं ठेवाचा थे समजते." मी म्हटलं, सर, परीक्षेत कुणी दिसायची गरज नाही, नाव आलं म्हणजे झालं. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला सगळं ठाऊक होतं.

बावीसच्या बावीस नावं त्यांची पाठ झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी दोनदा घेतली, एक चुकलं नाही.

परीक्षा यवतमाळला एका संस्थेच्या हॉलमध्ये होती. तीन परीक्षक बाहेरून आलेले. शिबिरात पहिली आलेली म्हणून मला त्यांच्याशेजारी खुर्ची, हातात यादी, मदतनीस म्हणून. सरांनी नवे पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते आणि इस्त्रीचा शर्ट. प्रत्यक्ष डाव त्यांनी असे करून दाखवले की तिघांतले एक खुर्चीवरून उठून पुढं आले आणि जवळून बघायला लागले. ह्या वयात, ते म्हणाले, ह्या वयात हे असं. मला अभिमान वाटला. हे नोंदवून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याच्या एक मिनिट आधी मला खरोखर अभिमान वाटला होता.

मग तोंडी. मुख्य परीक्षक सभ्य माणूस. ते स्वतः उठून डाव करत आणि नाव विचारत. पहिली चार नावं सरांनी नीट सांगितली. पाचव्याला परीक्षक खाली बसले आणि त्यांनी पाय गोल फिरवला. सर म्हणाले, "देवका."

परीक्षकांना कळेना. काय, त्यांनी विचारलं. नाई नाई, थांबा, सर म्हणाले, आणि डोळे मिटले. परीक्षकांनी हसून माझ्याकडं बघितलं. ही काय भानगड आहे, तुम्ही यांच्याच विद्यार्थिनी ना?

मी नुसतं म्हणू शकले असते की सर, त्यांना येतं, जरा वेळ द्या. एवढं एक वाक्य. ते न म्हणता मी सांगायला लागले. आमच्याकडं की नाही, म्हटलं, डावांना पोरांची नावं असतात. हे गजू, पीठगिरणीवाल्याचा मुलगा. ही पारू, हिच्या नाकाला बारा महिने शेंबूड. हा लखन, दोनदा नापास. आणि ही देवका, ऊसतोडीला जाते. मी प्रत्येक नाव घेऊन तो डाव खुर्चीत बसल्या बसल्या हातांनी करून दाखवत होते. ते तिघं हसायला लागले. एकानं चष्मा काढून डोळे पुसले. आणि मीही हसले. त्यांना बरं वाटावं म्हणून नाही, मला खरंच हसू येत होतं. सहा वर्षं ज्या नावांत माझं नाव नव्हतं, ती सगळी नावं मी एकेक करून त्या टेबलावर काढून ठेवली आणि लोकांनी ती हसण्यावारी नेली, याचा मला आनंद झाला. तेव्हा तो आनंदच होता.

सर उभेच होते. हात पुढं एकावर एक धरलेले. परीक्षकांनी हसू आवरून सहावा डाव विचारला. सर बोलले नाहीत. सातवा. नाही. येत होतं त्यांना, आदल्या दिवशीच तर मी घेतलं होतं. पुढच्या एकाही नावाला त्यांनी तोंड उघडलं नाही. मुख्य परीक्षक चांगुलपणानं म्हणाले, घाबरू नका, सहा महिन्यांनी पुन्हा या. सरांनी तिघांना नमस्कार केला, मलाही केला, आणि बूट पायांतून काढून हातात घेऊन बाहेर पडले. परतीच्या एसटीत ते पुढं ड्रायव्हरमागच्या सीटवर बसले, मी मागं.

सहा महिन्यांनी ते गेले नाहीत. शाळेला कागदवाला माणूस हवा होता आणि कागद माझ्याकडं होता. वर्ग मला मिळाला. सर घंटा देत राहिले. खळ्यावर पहिल्याच दिवशी मी पोरांना बजावलं, आजपासून ती जुनी नावं बंद, आपण शास्त्रशुद्ध शिकायचं. ती चिमुरडी, जिला खरी देवका बघून नवल वाटलं होतं, तिनं विचारलं, मंग देवकाले काय म्हणाचं? मी म्हटलं, साओ थुई म्हणायचं. तिनं दोनदा म्हणून बघितलं आणि पाय फिरवला. पाय छान फिरला.

होळीला देवका परतली. एका संध्याकाळी खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. मी पुकारत होते, पोरं करत होती. तिनं दोन-चार डाव होऊ दिले. मी म्हटलं, ये ना, लाग रांगेत. ती म्हणाली, येतो, याडीले सांगून. ती आली नाही. पुढच्या सालच्या ट्रकांआधी तिचं लग्न झालं.

माझं मात्र चांगलं झालं. आमची पोरं राज्यापर्यंत गेली, दोघांना पदकं मिळाली, मला यवतमाळच्या इंग्रजी शाळेत नोकरी लागली. भिंतीवर तक्ता आहे, रोमन अक्षरांत सगळी नावं. माझी मुलं ती धडाधड म्हणतात. पालकसभेत म्हणून दाखवतात तेव्हा आईबाप टाळ्या वाजवतात. मा म्हणजे काय असं एकदा एका मुलाला विचारलं तर तो म्हणाला, मॅडम, ते पाय फाकवून बसायचं ते. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, दुसरं काय? पण दोष त्या नावाचा नाही, सोनुबाईचाही नाही. शिकवणारीचा आहे.

यंदा पत्र आलं त्याच आठवड्यात उमरखेडला नवऱ्याच्या मामेबहिणीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि मी नवऱ्याला म्हटलं, तू बस पाहुण्यांत, मी गावाकडं जाऊन येते. अकरा वर्षांत मी सरांना रस्त्यात भेटले होते, घरच्या कार्यांत भेटले होते, कशी हायेस, बरी हाये, एवढंच. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कुणीच काही बोललं नव्हतं.

सर आता निवृत्त. तांड्यामागच्या तुरीच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसले होते; रोही, आमच्याकडच्या नीलगायी, पिकात येतात म्हणून राखणीला. मला बसायला त्यांनी पोतं दिलं. नवऱ्याची, शाळेची चौकशी झाली. रिक्षात मी चार वाक्यं जुळवली होती, त्यांतलं पहिलंच तेवढं बाहेर आलं. म्हटलं, सर, मी त्या दिवशी हसले.

"हसली त हसली," ते म्हणाले. "तरनी होती तू. त्याचं मले काई नाई." मग तुरीची एक शेंग तोडून सोलायला लागले. "पन पोरायचे नावं काहून सांगतले तू त्यायले? थे तुह्ये नोयते. माह्ये बी नोयते. देवका त्या दिवशी फडात होती. तिले मालूम बी नाई का इकडं तिच्या नावावर लोकं हासून राह्यले."

मी म्हटलं, पण सर, तुम्ही पुढची नावं का नाही सांगितली? तुम्हाला येत होती. सहा महिन्यांनीसुद्धा गेला नाहीत.

"त्यायच्या तोंडापुढं अजून कायले बोलू? अन् मंग इचार केला, कागद तुह्यापाशी हायेच. मले ह्या वयात एकच जमते, तुले दोन्ही येत होते. स्पर्धेत थे म्हनशीन, खळ्यावर हे म्हनशीन. मले वाटलं तू ठेवशीन नावं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी रडून मोकळी झाले असते. दोन्ही येत होतं मला. पोरांना एक शब्द चटईसाठी आणि एक खळ्यासाठी देता आला असता, वहीत दोन रकाने तर सरांनीच आखले होते. एक ठेवायचं म्हणून दुसरं पुसायलाच हवं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, सर, आता मी काय करू? ते म्हणाले, "आता काई नको करू. थे पोट्टे आता आईबाप झाले." आणि पलीकडच्या धुऱ्यावर काहीतरी हललं म्हणून गोफण घेऊन उठले. मी थोडा वेळ पोत्यावर बसून राहिले. ते लवकर परत येणार नाहीत असं दिसल्यावर निघाले.

सोमवारी शाळेत चौथा तास माझा. छत्तीस मुलं, पांढरे टी-शर्ट, मागं छापलेले हजेरीचे नंबर. मी नंबरानंच बोलावते, त्यानं शिस्त राहते. पुकारलं, साओ थुई. छत्तीस पाय फिरले. बहुतेकांचे घासले, काहींचे अर्ध्यात थांबले, आणि तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा पाय जमिनीलगत असा सळ्ळकन फिरून आला की मी शिट्टी खाली केली. वर्गात पहिल्यांदा तिलाच जमलं होतं. जूनपासून ती माझ्यासमोर उभी राहतेय. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, तुझं नाव काय गं?

ती गोरीमोरी झाली. आमच्या शाळेत नाव विचारतात ते डायरीत शेरा लिहायला. शेजारच्या मुली खाली बघायला लागल्या. तिनं दोन्ही हात मागं नेले आणि एक पाऊल मागं सरली.

"मॅडम," ती म्हणाली, "मी काही नाही केलं."